प्रांतिक चिटणिसाची गादी

सोव्हिएट संघराज्याची १९७७ ची राज्यघटना एखाद्या चिकित्सक वाचकाने आरंभापासून अखेरपर्यंत वाचली, तिच्यातील सर्वोच्च सोव्हिएट, मंत्रिमंडळ, न्यायालये आणि पंधरा प्रजासत्ताकांचे अधिकार यांविषयीची कलमे त्याने मुखोद्गत केली, तरी उझबेकिस्तानात अमुक जिल्ह्याने कापूस किती पिकवावा, अमुक विद्यापीठाचा प्रमुख कोणी व्हावे आणि अमुक कवीचा संग्रह छापावा की दडपावा, हे अखेर कोण ठरवीत असे, याचा ठाव त्याला त्या दस्तऐवजात लागणार नाही. कम्युनिस्ट पक्ष ही समाजाची मार्गदर्शक शक्ती होय, एवढे विधान सहाव्या कलमात आढळते. परंतु त्या पक्षाच्या प्रजासत्ताकातील मध्यवर्ती समितीचा पहिला चिटणीस म्हणून जो गृहस्थ ताश्कंद, कीव्ह, बाकू वा अल्मा-आता येथे बसून सगळा मुलूख चालवीत असे, त्याच्या कर्तव्यांचा, मुदतीचा वा नेमणुकीच्या रीतीचा निर्देश घटनेत नव्हता. ज्या पदाचा अंमल अनेक दशके अबाधित चालला, ते पद कायद्याच्या दृष्टीने एका संघटनेच्या कार्यवाहाचे पद होते.

या पदावर बसलेली माणसे सामान्य नव्हती. शराफ रशीदॉव्ह हे स्वतः लेखक असून १९५९ पासून १९८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत उझबेक पक्षाचे पहिले चिटणीस होते; १९६६ च्या जानेवारीत ज्या ताश्कंदात लालबहादूर शास्त्रींनी करारावर सही केली आणि त्याच रात्री देह ठेवला, ते ताश्कंद रशीदॉव्ह यांच्या अमलाखालचे होते. युक्रेनमध्ये श्चर्बित्स्की १९७२ पासून १९८९ पर्यंत, जॉर्जियात शेवर्दनाद्झे १९७२ पासून १९८५ पर्यंत आणि अझरबैजानात हैदर अलीयेव्ह १९६९ पासून १९८२ पर्यंत या गादीवर होते. क्रुश्चेव्ह युक्रेनच्या चिटणीसपदावरून आणि ब्रेझनेव्ह मोल्दाव्हिया व कझाकस्तान येथील चिटणीसपदांवरून क्रेमलिनपर्यंत पोहोचले, हे लक्षात घेतले म्हणजे हे पद किती मोलाचे होते, ते वेगळे सांगावयास नको.

पण या अधिकाराचा उगम कशात होता, हा प्रश्न अधिक मनोरंजक आहे. तो भाषणांत नव्हता, सिद्धान्तांत तर नव्हताच. तो एका यादीत होता. कोणत्या नेमणुका पक्षाच्या कोणत्या समितीच्या मंजुरीवाचून होऊ शकत नाहीत, याची यादी प्रत्येक पातळीवरील पक्षकचेरीच्या दफ्तरी ठेवलेली असे, आणि सामुदायिक शेतीच्या अध्यक्षापासून वृत्तपत्राच्या संपादकापर्यंत व न्यायाधीशापासून रंगभूमीच्या संचालकापर्यंत सर्व जबाबदारीच्या जागा तिच्यात नोंदलेल्या असत. ज्याच्या हाती ही यादी त्याच्या हाती मुलूख. आणि हा हात फार मोकळा राहू नये अशीही तजवीज मॉस्कोने करून ठेविली होती: पहिला चिटणीस बहुधा त्या भूमीतला, त्या भाषेचा, तेथील गणगोताचा असे, पण त्याच्या शेजारच्या खोलीत बसणारा दुसरा चिटणीस मॉस्कोहून धाडलेला, बहुतेक वेळा रशियन असे, आणि नेमणुकांचे खाते याच दुसऱ्याकडे असे.

आम्हां मीरा-भाईंदरच्या रहिवाशांना ही व्यवस्था समजावयास कठीण पडू नये. १९८५ मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून येथे नगरपरिषद झाली, २००२ च्या २८ फेब्रुवारीस तिची महानगरपालिका झाली, आणि तेव्हापासून नगराचा प्रथम नागरिक म्हणून महापौर मिरविले गेले; परंतु कार्यकारी अधिकार मंत्रालयाने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती राहिले, आणि २०२२ च्या ऑगस्टात सभागृहाची मुदत संपल्यावर तर निवडून आलेला कोणीही नसताना प्रशासकाच्या सहीने सगळा कारभार चालू राहिला. खालून निवडलेला आणि वरून नेमलेला यांच्यात खरा धनी कोण, हे ओळखावयास आपल्याकडच्या करदात्यास राज्यशास्त्राचा ग्रंथ उघडावा लागत नाही.

वरून नेमण्याच्या या अधिकाराचा एकदा स्फोटही झाला. दीन्मुहम्मद कुनायेव्ह हे कझाक पुढारी मधला अल्प काळ सोडल्यास १९६० पासून कझाकस्तानच्या चिटणीसपदी होते. १९८६ च्या १६ डिसेंबरला मध्यवर्ती समितीची एक अत्यंत आटोपशीर बैठक भरली, तिच्यात त्यांना निवृत्त करण्यात आले, आणि त्यांच्या जागी गेन्नादी कोल्बिन या, कझाकस्तानात पूर्वी कधीही काम न केलेल्या रशियन गृहस्थांची 'निवड' झाली. दुसऱ्या दिवशी अल्मा-आताच्या मुख्य चौकात कझाक विद्यार्थी आणि तरुण कामगार हजारोंनी जमले. त्यांना पांगविण्यासाठी सैन्य आले, रक्त सांडले, आणि गोर्बाचेव्ह यांच्या राजवटीतील राष्ट्रीय असंतोषाचा पहिला मोठा उद्रेक म्हणून त्या डिसेंबराची नोंद झाली. वास्तविक त्या तरुणांनी घटनेतील कोणत्याही पदाविषयी तक्रार केलेली नव्हती. त्यांच्या प्रजासत्ताकाचे सर्वोच्च सोव्हिएट व मंत्रिमंडळ जागच्या जागी होते. सत्तेचा प्राण कोठे आहे, हे मात्र त्यांना अचूक ठाऊक होते. अडीच वर्षांनी, १९८९ च्या जूनमध्ये, तीच गादी नूरसुलतान नझरबायेव्ह या कझाकाकडे आली आणि पुढे तिचेच रूपांतर राष्ट्राध्यक्षाच्या आसनात झाले.

या सगळ्याच्या मुळाशी एक विसंगती होती. राज्य संघात्मक होते. प्रत्येक प्रजासत्ताकास फुटून निघण्याचा हक्कसुद्धा घटनेने कागदोपत्री दिलेला होता. पक्ष मात्र एकच होता आणि प्रजासत्ताकांतील पक्ष हे त्या एका पक्षाचे प्रादेशिक विभाग होते. तेव्हा संघराज्याचे संघात्मकपण चिटणिसाच्या उंबरठ्यावर संपत असे. गंमत अशी की सर्वांत मोठ्या प्रजासत्ताकास, म्हणजे खुद्द रशियास, १९९० च्या जूनपर्यंत स्वतःचा वेगळा कम्युनिस्ट पक्षच नव्हता. अखिल संघाचा पक्ष हाच त्याचा पक्ष, मग आणखी एक हवा कशाला, असा त्यामागील विचार असावा, आणि दुसरा पक्ष स्थापन झाल्यावर दीड वर्षात संघराज्याचे जे झाले ते पाहता तो विचार अगदीच वेडगळ होता असे म्हणवत नाही.

युगोस्लाव्हियाने या प्रश्नाचे उत्तर उलट्या बाजूने शोधले. तेथे सहा प्रजासत्ताके व दोन स्वायत्त प्रांत यांच्या कम्युनिस्ट लीगांना क्रमाक्रमाने खरेखुरे अधिकार मिळत गेले आणि प्रत्येक लीगचा अध्यक्ष आपल्या मुलखाचा प्रवक्ता बनला. क्रोएशियाच्या लीगच्या अध्यक्षा सावका दाब्चेविच-कुचार यांनी क्रोएशियाच्या परकीय चलनाचा आणि भाषेचा कैवार घेऊन लोकप्रियतेचे शिखर गाठले, तेव्हा टीटोंनी १९७१ च्या डिसेंबरात पुढाऱ्यांना कारादोर्देव्हो येथील शिकारवाड्यावर बोलावून त्यांना राजीनामा द्यावयास लावला. टीटो होते तोवर हे जमले. १९८० मध्ये ते गेले. १९८६ मध्ये सर्बियाच्या लीगचे अध्यक्षपद स्लोबोदान मिलोशेविच यांच्याकडे आले. आणि १९९० च्या जानेवारीत बेलग्रेडच्या चौदाव्या अधिवेशनात आपल्या सूचना एकामागून एक फेटाळल्या जात आहेत असे पाहून स्लोव्हेनियाचे प्रतिनिधी उठून गेले, त्यांच्यामागून क्रोएशियाचेही निघाले, आणि तहकूब झालेले ते अधिवेशन पूर्ववत कधीच भरले नाही. आधी पक्ष मोडला, मग दीड वर्षात देश मोडू लागला. चिटणीस वर पाहतो की खाली पाहतो, आपली नेमणूक कोणामुळे झाली असे मानतो, यावर संघराज्याचे आयुष्य अवलंबून असते, असा निष्कर्ष या दोन उदाहरणांतून कोणी काढला तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

आता या नकाशाचा महाराष्ट्राशी संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध पनवेलात जन्मलेल्या एका रसायनशास्त्रज्ञाने जोडला. डॉ. गंगाधर अधिकारी बर्लिनमध्ये शास्त्राचा अभ्यास करीत असता कम्युनिस्ट झाले, परतल्यावर १९२९ च्या मीरत कटाच्या खटल्यात अडकले, आणि पुढे पक्षाचे सिद्धान्तकार म्हणून ख्यातनाम झाले. १९४२ च्या सप्टेंबरात कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने राष्ट्रीयत्वांच्या प्रश्नावर जो ठराव संमत केला, त्याचे प्रतिपादन त्यांचेच होते. सोव्हिएट नमुना डोळ्यांपुढे ठेवून हिंदुस्थान हे अनेक राष्ट्रीयत्वांचे कुटुंब आहे असे त्यात मानले होते आणि पठाण, सिंधी, बंगाली, आंध्र, तमिळ, कर्नाटकी यांच्या मालिकेत महाराष्ट्रीयांचेही नाव होते. प्रत्येकास स्वयंनिर्णयाचा, इतकेच नव्हे तर फुटून निघण्याचाही, हक्क त्यात दिलेला होता. पाकिस्तानच्या मागणीस तात्त्विक आधार देणारा ठराव म्हणून त्याची जी अपकीर्ती झाली ती अनाठायी नव्हती, आणि पक्षानेही तो पुढे सोडून दिला. परंतु मराठी भाषकांचे एक सलग राज्य असावे, या मागणीस कम्युनिस्टांनी पुढील काळात जो हिरिरीचा पाठिंबा दिला, त्याची एक मुळी या ठरावात होती, ही गोष्ट आपल्याकडील इतिहासलेखक बहुधा विसरतात.

१९५६ च्या ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, आंबेडकरांचे अनुयायी व हिंदुत्वनिष्ठ यांच्या पंगतीस कम्युनिस्टही बसले. मुंबईसह महाराष्ट्रासाठी शंभरांहून अधिक माणसांनी प्राण दिले. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात व मुंबईत काँग्रेसला जबर हादरा दिला. श्रीपाद अमृत डांगे मुंबईतून लोकसभेवर गेले, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील गेले, ठाण्यातून शामराव परुळेकर गेले, आणि १९५८ मध्ये शांताराम सावळाराम मिरजकर हे मीरत खटल्यातील कैदी मुंबईचे महापौर झाले. मराठी कम्युनिझमचा तो मध्यान्ह होता. भाषिक प्रांताच्या मागणीत पक्षाची प्रादेशिक शाखा आणि प्रादेशिक लोकभावना यांचे तोंड एकाच दिशेला होते. क्रोएशियात जे चौदा वर्षांनंतर पाप ठरले, ते येथे पुण्य ठरले, कारण टीटोंसारखा सर्वाधिकारी मध्यस्थ दिल्लीच्या पक्षकचेरीत बसलेला नव्हता आणि सत्ता तर मुळीच हाती नव्हती.

तथापि त्या दिवसांतही महाराष्ट्रातील पक्षाचे खरे बळ प्रांतिक चिटणिसाच्या दफ्तरात होते असे समजणे चुकीचे ठरेल. ते गिरण्यांच्या दारात होते. १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली, लाल बावट्याची म्हणून ती ओळखली जाऊ लागली, आणि तिचा पुढारी व पक्षाचा पुढारी यांत कामगाराने भेद केला नाही. डांगे यांचे माहात्म्य प्रांतिक समितीच्या कागदावरून आलेले नव्हते. ते गिरणगावातील सभांतून, तुरुंगातील वर्षांतून आणि आयटक या कामगार महासंघाच्या धुरेतून आलेले होते. सोव्हिएट देशात कामगार संघटनेचा पुढारी हा चिटणिसाच्या यादीतील एक नोंद असे. मुंबईत चिटणीस हा संघटनेच्या पुढाऱ्याचा लेखनिक होण्याचा धोका होता. या उलटापालटीचे मोलही पक्षास द्यावे लागले. १९७० च्या जूनमध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, पोटनिवडणुकीत ती जागा शिवसेनेकडे गेली. १९८२ च्या १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपाने गिरणगावाचे कंबरडे मोडले. आणि चाळीतून उठलेली कुटुंबे विरार, नालासोपारा, डोंबिवली आणि आपले भाईंदर येथील इमारतींत विखुरली, तेव्हा युनियनवर उभारलेले पक्षाचे घर कामगाराबरोबर स्थलांतर करू शकले नाही.

अखिल भारतीय गादीवर बसण्याचा मान एका मराठी माणसास मिळाला आणि तो फार महाग पडला. १९४८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात भालचंद्र त्र्यंबक रणदिवे पक्षाचे सरचिटणीस झाले. स्वातंत्र्य खोटे आहे, क्रांतीची वेळ आली आहे, असा त्यांचा सिद्धान्त होता. तो अंमलात आणताना पक्षावर बंदी आली, कार्यकर्ते भूमिगत झाले वा तुरुंगात गेले, सभासदसंख्या झपाट्याने घसरली. १९५० च्या जानेवारीत बुखारेस्टहून निघणाऱ्या, कॉमिन्फॉर्म या कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मुखपत्रात एक अग्रलेख आला आणि त्या एका अग्रलेखाने रणदिव्यांचे आसन डळमळले. त्याच वर्षी त्यांना पायउतार व्हावे लागले. हिंदुस्थानातील सरचिटणीस रुमानियात छापलेल्या मजकुराने पडावा, याहून अधिक स्पष्ट रीतीने त्या काळातील अधिकाराची उतरंड कोणी सांगू शकणार नाही.

पुढे पक्षच दुभंगला. १९६४ च्या मार्चमध्ये मुंबईच्या 'करंट' साप्ताहिकाने डांगे यांनी १९२४ मध्ये तुरुंगातून सरकारला लिहिल्याचे सांगितले जाणारे पत्र छापले. डांगे यांनी ते बनावट ठरविले. या वादातून ११ एप्रिलला राष्ट्रीय परिषदेचे बत्तीस सभासद सभात्याग करून गेले, आणि वर्षअखेरीस कलकत्त्याच्या अधिवेशनात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष वेगळा झाला. महाराष्ट्रात बहुसंख्य कार्यकर्ते डांग्यांच्या बाजूस राहिले; रणदिवे, श्री. य. कोल्हटकर आणि परुळेकर दांपत्य नव्या पक्षात गेले, आणि कोल्हटकर त्याचे पहिले राज्य चिटणीस झाले. म्हणजे महाराष्ट्रास एकाऐवजी दोन प्रांतिक चिटणीस मिळाले: एक पुढे प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात, दुसरा वरळीच्या जनशक्तीत. ज्या डांग्यांवरून हे सर्व घडले, त्यांना त्यांच्याच पक्षाने १९८१ मध्ये बडतर्फ केले, ही इतिहासाची थट्टा म्हणावी की न्याय, हे वाचकाने आपापल्या प्रकृतीप्रमाणे ठरवावे.

आपला ठाणे जिल्हा या फाळणीत कोणीकडे गेला, याचे उत्तर सिद्धान्तात नाही, व्यक्तींत आहे. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्यास किसान सभेचे प्रांतिक अधिवेशन भरले, त्यास डहाणू-उंबरगावकडील काही वारली आले आणि त्यांतील माह्या धांगडा याने व्यासपीठावरून वेठबिगारीची हकीकत सांगितली. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या मुलखात गेली; मे महिन्यात झरी गावच्या सभेत हजारो वारल्यांनी यापुढे वेठ करणार नाही असा निश्चय केला; ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड व त्याचे सोबती ठार झाले; पण वेठबिगार आणि लग्नाच्या कर्जापायी येणारी लग्नगडी या दोन्ही प्रथांचा कणा मोडला तो मोडलाच. गोदावरीबाईंनी ही कथा 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली आणि त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. १९६५ मध्ये शामराव तुरुंगात असतानाच वारले. या दोघांनी ज्या पक्षाची वाट धरली त्याच वाटेने वारल्यांचा मुलूख गेला, आणि अद्यापि विधानसभेत त्या पक्षाचा जो एकुलता आमदार दिसतो, तो २०१९ व २०२४ या दोन्ही वेळी डहाणूहून निवडून आलेला आहे. कोणत्याही समितीच्या यादीने हे घडविलेले नाही.

भाईंदर तेव्हा मिठागरांचे आणि कोळ्यांचे गाव होते. आज लोकवस्तीने ते डहाणूस कित्येक पटींनी मागे टाकील, पण येथील सत्तेच्या गणितात लाल बावट्याचे स्थान नगण्य आहे. पश्चिम रेल्वेच्या एकाच मार्गावर, खाडी ओलांडली की दोनएक तासांच्या अंतरावर, इतका फरक पडावा याचे आश्चर्य वाटते खरे. तथापि डहाणूत माणूस जमिनीला बांधलेला होता, येथील माणूस सकाळी आठला घर सोडतो आणि त्याची नोकरी, त्याचा मालक, त्याचा संप, सारे चर्चगेटच्या दिशेला असते.

आज हे पद कसे चालते, तेही सांगितले पाहिजे. शाखा, तिच्यावर तालुका वा स्थानिक समिती, तिच्यावर जिल्हा समिती आणि तिच्यावर राज्य समिती अशी मार्क्सवादी पक्षाची रचना असून साधारणतः तीन वर्षांनी प्रत्येक पातळीचे अधिवेशन भरते. मावळते चिटणीस राजकीय व संघटनात्मक अहवाल मांडतात, प्रतिनिधी त्यावर टीका-आत्मटीका करतात, नव्या समितीसाठी नावांचे पॅनेल पुढे येते, त्याबाहेरचे नाव सुचविले गेल्यास गुप्त मतदान होते, आणि निवडून आलेली समिती आपल्यातून सचिवमंडळ व चिटणीस निवडते. केंद्रीय समितीचे प्रतिनिधी हे सर्व पाहण्यास उपस्थित असतात. सभासदाने उत्पन्नाच्या प्रमाणात लेव्ही द्यावयाची, होलटायमराने तुटपुंज्या मानधनावर भागवावयाचे, आमदाराने आपले वेतन पक्षाकडे जमा करावयाचे, ही वहिवाट आहे. २०१२ च्या कोळिकोड अधिवेशनाने चिटणीसपदावर तीन मुदतींची मर्यादा घातली. नियमांचा हा मजकूर, लोकशाही केंद्रीकरण या तत्त्वासह, ताश्कंदातील नियमांशी पुष्कळसा जुळतो. तेथील यादी मात्र येथे नाही, कारण वाटावयास जागाच नाहीत. प्रभाकर संझगिरी यांच्यासारखा लेखक चिटणीस, अशोक ढवळे यांच्यासारखा वैद्यकीचा पदवीधर चिटणीस, किंवा दुसऱ्या पक्षात 'शिवाजी कोण होता?' लिहिणारे गोविंद पानसरे, ज्यांच्यावर २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या, या मंडळींच्या हाती समजूत घालणे, लिहिणे आणि मोर्चा काढणे यांहून दुसरे साधन नव्हते.

जेथे सत्ता आली तेथे चित्र वेगळे दिसले. पश्चिम बंगालमध्ये १९७७ पासून ज्योती बसू मुख्यमंत्री असताना अलीमुद्दीन रस्त्यावरील कचेरीत प्रमोद दासगुप्ता चिटणीस होते आणि १९८२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत मंत्रालयाहून त्या कचेरीचा दरारा कमी नव्हता. केरळात पिनराई विजयन १९९८ पासून २०१५ पर्यंत चिटणीस होते. मुख्यमंत्री अच्युतानंदन यांच्याशी त्यांचे जाहीर खटके उडू लागले, तेव्हा २००७ मध्ये दोघांनाही पॉलिट ब्यूरोतून काही काळ निलंबित करण्यात आले.

महाराष्ट्रातील चिटणिसावर असाच प्रसंग सोलापुरात ओढवला. नरसय्या आडम हे विडी कामगारांचे पुढारी, तीनदा आमदार झालेले, आणि २०१५ पासून राज्य चिटणीस. विडी वळणाऱ्या स्त्रियांसाठी कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत त्यांच्या खटपटीने उभी राहिली होती. पुढे तीस हजार घरांची आणखी मोठी योजना त्यांनी केंद्र सरकारकडून मंजूर करून घेतली, आणि २०१९ च्या जानेवारीत तिच्या पायाभरणीस आलेल्या पंतप्रधान नरेंद्र मोदींची व मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांची त्यांनी व्यासपीठावरून मोकळ्या मनाने प्रशंसा केली. निवडणूक तोंडावर आलेली होती. मार्चमध्ये केंद्रीय समितीने त्यांना आपल्या सभासदत्वातून तीन महिने निलंबित केले. पक्षाच्या दृष्टीने हा निर्णय अपरिहार्य होता, हे मी मान्य करतो. ज्या सरकारविरुद्ध देशभर प्रचार चालू आहे त्याची स्तुती राज्याच्या चिटणिसानेच केली तर प्रचारकाने तोंड कोठे लपवावे? परंतु व्यासपीठासमोर ज्या विडी कामगार स्त्रिया बसल्या होत्या, त्यांचा चिटणीस त्या दिवशी त्यांच्याकडे पाहून बोलत होता, दिल्लीकडे पाहून नव्हे, हेही तितकेच खरे. कुनायेव्ह एका आटोपशीर बैठकीत नाहीसे झाले. आडम तीन महिन्यांची शिक्षा भोगून चिटणीसपदी राहिले, आणि २०२४ च्या जानेवारीत त्या योजनेतील पंधरा हजार घरांच्या किल्ल्या वाटावयास तेच पंतप्रधान पुन्हा सोलापुरास आले. आडमांनंतर उदय नारकर आणि त्यांच्यामागून अजित नवले त्या जागी आले आहेत.

वरिष्ठ समितीच नको, असा मार्गही मराठी मुलखात चोखाळला गेला, त्याचा ओझरता उल्लेख करावयास हवा. शेतकरी कामगार पक्षाने १९५० मध्ये नाशिककडील दाभाडी येथे मार्क्सवाद स्वीकारला, पण तो ना मॉस्कोचा विभाग झाला, ना दिल्लीचा. त्याचा सरचिटणीस, मग ते एन. डी. पाटील असोत वा दुसरे कोणी, आपल्याहून वरच्या कोणास अहवाल पाठवीत नाही. लाल निशाण गटाचीही कथा थोडीबहुत तशीच. या स्वातंत्र्याने त्यांना दीर्घायुष्य दिले, परंतु रायगड, सांगोला, श्रीरामपूर अशा तुटक बेटांपलीकडे विस्तार दिला नाही.

२०१४ च्या १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. वसई, डहाणू, तलासरी खाडीपलीकडे गेले आणि मीरा-भाईंदर ठाण्यात राहिले. सरकारी दफ्तरे विभागली गेली, जिल्हाधिकारी दोन झाले, परंतु मार्क्सवादी पक्षाने ठाणे-पालघर अशी एकच जिल्हा समिती ठेवली. मीरा रोडच्या एखाद्या इमारतीत राहणारा आणि अंधेरीस नोकरी करणारा सभासद आपली लेव्ही भरतो ती त्या समितीच्या खात्यावर, आणि राज्य अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडण्याची वेळ येते तेव्हा त्याच्या मतापेक्षा तलासरीच्या पाड्यांवरील मतांचे वजन साहजिकच जास्त पडते.